लॉनवर बेस लावला की घूंऽऽ : हम शोधायचा कसा, थांबवायचा कसा

तक्रार जवळपास एकाच शब्दांत येते. बेस, म्हणजे बेस गिटार, घरी स्वच्छ वाजतो, तालमीच्या खोलीत स्वच्छ वाजतो, आणि नागपूरच्या कोराडी रोडच्या नाहीतर वर्धा रोडच्या एखाद्या लॉनवर साउंड चेकला जॅक खोचला की स्पीकरमधून सलग ‘घूंऽऽ’ सुरू होतो. यालाच हम म्हणतात. साउंडवाला म्हणतो बेस खराब आहे. बेसवाला म्हणतो लाइन खराब आहे. लाइटवाला शिडीवर असतो, त्याला कुणी विचारतच नाही. तेवढ्यात पाहुणे यायला लागतात, कुणीतरी पक्कड घेतो, ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) प्लगची वरची जाड पिन, म्हणजे अर्थची, उपटतो, आवाज बंद होतो, आणि काम झालं असं सगळे धरून चालतात.

त्या उपटलेल्या पिनसाठी हे लिहितोय. नागपुरात लग्नाचे ऑर्केस्ट्रे, १४ एप्रिलचे भीमगीतांचे कार्यक्रम, गणपतीची मंडळं, नवरात्रातले गरबे असं सगळीकडे बेस वाजवणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्यातले बरेच जण गातातही. पिन काढलेला ॲम्प आणि तोंडासमोर माइक हे एकत्र आलं की काय होऊ शकतं ते पुढे सांगतो. आधी हे मान्य करून घ्या की हम हा एक आजार नाही. चार-पाच वेगळी कारणं आहेत, प्रत्येकाचा आवाज वेगळा, वागणं वेगळं. कानाने नीट ऐकलं आणि दोन-तीन साध्या चाचण्या योग्य क्रमाने केल्या, तर अर्थिंगला हात न लावता बहुतेक हम साउंड चेकच्या वेळातच सापडतो.

हम कुठल्या सुरात आहे?

आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. म्हणजे हमलाही एक ठरलेला सूर आहे. चार तारी बेसची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झला वाजते. त्याच तारेवर तिसऱ्या फ्रेटवर ‘जी’ हा स्वर, म्हणजे हार्मोनियमची पांढरी पाच, ४९ हर्ट्झला येते. त्याच्या पुढची काळी चार ५१.९ हर्ट्झला. विजेचा हम नेमका या दोघींच्या मध्ये बसतो: पांढरी पाचपेक्षा साधारण ३५ सेंट चढा (शेजारच्या दोन स्वरांमधलं अंतर १०० सेंटचं). त्याची दुप्पट, १०० हर्ट्झ, एक सप्तक वर, तीही तेवढीच चढी.

ही माहिती दोन ठिकाणी कामाला येते. एक, ओळख पटवायला. बेसपासून ॲम्पपर्यंतच्या साखळीत पेडल ट्यूनर असेल तर तारा हाताने पूर्ण बंद करा आणि व्हॉल्यूम उघडा ठेवा. सुई ‘जी’ स्वर दाखवून उजवीकडे झुकलेली स्थिर राहिली तर तो विजेचाच हम आहे, आणि तो ट्यूनरच्या आधी, म्हणजे बेसमधून किंवा पहिल्या केबलमधून शिरतो आहे. क्लिपचा ट्यूनर लाकडाचं कंपन मोजतो, त्याचा इथे उपयोग नाही. मोबाइलवरचा ट्यूनर कॅबिनेटच्या (स्पीकरच्या पेटीच्या) तोंडाशी धरला तर चालतो. दोन, इक्वलायझरने हम कापायचा नाद का सोडावा हे यातून कळतं. ५० हर्ट्झवर खाच मारली की पांढरी पाच आणि काळी चार दोन्ही पातळ होतात. मग गाण्यात त्या पट्ट्या आल्या की बेस नाहीसा होतो आणि कळत नाही का ते. शिवाय गायकाच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे स्वतःला ऐकण्याच्या स्पीकरमध्ये, हा हम राहिला तर त्याच्या कानाशी बेसूर तंबोरा लावून ठेवल्यासारखं होतं. काळी चारमध्ये गाणारा गायक रात्रभर त्या चुकीच्या आधाराशी झगडत असतो आणि दोष आपल्या गळ्याला देतो.

सुई स्थिर नसेल, ‘जी’च्या अलीकडे-पलीकडे हळूहळू फिरत असेल, तर तुम्ही जनरेटरवर आहात. चार पोलचा जनरेटर मिनिटाला १५०० फेरे घेतो तेव्हा ५० हर्ट्झ देतो. कूलर, फ्रीझर, हॅलोजन एकदम सुरू झाले की इंजिन दबतं, ४८ हर्ट्झपर्यंत उतरतं, आणि हम ३५ सेंट चढ्याऐवजी ३५ सेंट उतरा होतो. सूर हलणारा हम ऐकू आला की बेसचं झाकण उघडू नका, आधी वीज कुठून येते ते पाहा.

सुराइतकाच पोतही महत्त्वाचा. गोल, मऊ, खोल ‘घूं’ असेल तर जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा मोटरचं क्षेत्र पिकअपमध्ये (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबक-कॉइलमध्ये) चुंबकीय रीतीने शिरतं आहे. ‘झर्रऽऽ’ असा वरच्या सुरांनी भरलेला, काटेरी आवाज असेल तर शिल्डिंग (वायरीभोवतीचं धातूचं आवरण), लाइट मंद करणारा डिमर, एलईडीचे पॉवर सप्लाय किंवा दोन अर्थांमधलं वर्तुळ यांपैकी काहीतरी आहे. बेस काढला, केबल काढली, तरी ॲम्प स्वतःच १०० हर्ट्झला गुणगुणत असेल तर त्याच्या पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर थकलेत. तो ॲम्प दुरुस्तीला द्यावा. घरी उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब (व्होल्टेज) शिल्लक राहू शकतो, आणि वाल्व्हच्या ॲम्पमध्ये तर तो काहीशे व्होल्टचा असतो.

साखळी मधून तोडा

आधी बेसचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. हम गेला तर तो पिकअपमधून येत होता. राहिला तर बेस बहुधा निर्दोष आहे. मग बेस गळ्यात तसाच ठेवून जागेवर सावकाश गोल फिरा, व्हॉल्यूम उघडा ठेवून. हम एका दिशेला वाढत आणि दुसरीकडे जवळपास नाहीसा होत असेल तर ते चुंबकीय क्षेत्र आहे. त्याचा उगम शोधा, बहुधा तुमच्याच ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर किंवा मागच्या एलईडी वॉलचा सप्लाय. दोन पावलं सरकून उभं राहणं हा खरा, पुरेसा उपाय असतो. लोक त्याला उपाय मानत नाहीत, पण मानावा.

तारांना हात लावल्यावर झर्र कमी होत असेल तर घाबरू नका. तुमचं शरीर अँटेनासारखं आवाज गोळा करतं, तारा ब्रिजवाटे (ज्या धातूच्या भागावर त्या टेकतात) अर्थला जोडलेल्या असतात, हात लागला की तो निघून जातो. बहुतेक पॅसिव्ह (बॅटरी नसलेले) बेस असेच वागतात. हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर मात्र थांबा. एकतर ब्रिजची अर्थ वायर तुटली आहे, किंवा जॅकवर वायरी उलट लागल्या आहेत, किंवा भिंतीकडून येणारा अर्थच नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या नळीला टेका. बीप आली पाहिजे. आली नाही तर ब्रिजखालची वायर निसटलेली असण्याची शक्यता सर्वात जास्त. काही ॲक्टिव्ह पिकअपच्या बेसमध्ये ही वायर मुळातच नसते, तेवढा अपवाद.

बेसमधलं नेहमीचं दुखणं मात्र आउटपुट जॅकचा सैल नट. केबलच्या ओढीने जॅक आतल्या आत फिरतो, सोल्डर तुटतो, आणि मग कधी हम, कधी कर्रकर्र, कधी काहीच नाही. नट हाताने फिरत असेल तर आजच कसा, कसताना जॅक आत फिरू देऊ नका.

केबलबद्दल थोडक्यात. बेसपासून ॲम्पपर्यंत शिल्ड असलेली इन्स्ट्रुमेंट केबलच हवी. स्पीकरची केबल दिसायला तशीच, दोन्ही टोकांना तोच जॅक, पण आत दोन साध्या वायरी. ती लावली की झर्र आलाच. स्टेजवर घाईत ही अदलाबदल फार होते. स्पीकरच्या केबलींना रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

आता शेवटची आणि लॉनवर सर्वात उपयोगी पडणारी चाचणी: ॲम्पच्या मागून मिक्सरकडे जाणारी तीन पिनांची एक्सएलआर केबल काढा. (साउंडवाल्याला आधी सांगून, चॅनल म्यूट करवून. न सांगता काढली तर टॉपमधून (श्रोत्यांसाठीच्या मोठ्या स्पीकरमधून) जो धडाका येतो त्याने स्पीकरही जाऊ शकतात.) केबल काढताच तुमच्या कॅबिनेटमधला हम थांबला, तर बेस, केबल, ॲम्प सगळं ठीक आहे. तुम्ही ग्राउंड लूपमध्ये अडकला आहात.

ग्राउंड लूप: लॉनवरचा मुख्य गुन्हेगार

बंदिस्त सभागृहात मिक्सर आणि स्टेज बहुधा एकाच पॅनलवर असतात, म्हणून तिथे हा त्रास कमी. लॉनवर चित्र वेगळं. स्टेजचा बोर्ड एका खांबावरून येतो, मिक्सर लॉनच्या दुसऱ्या टोकाला, त्याला वीज जेवणाच्या काउंटरच्या बोर्डावरून. दोन्हीकडे अर्थ आहे, पण दोन्ही अर्थांचा दाब सारखा नाही. मध्ये एखाद-दोन व्होल्टचा फरक. तुमच्या ॲम्पपासून मिक्सरपर्यंतच्या एक्सएलआरची शिल्ड, म्हणजे पहिली पिन, हे दोन अर्थ एकमेकांना जोडते. फरक मिटवायला शिल्डमधून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि तो तुमच्या सिग्नलमध्ये मिसळतो. कुणाचंच उपकरण खराब नाही, म्हणूनच वाद मिटत नाही.

उपाय दोन, आणि पहिला अधिक चांगला. मिक्सर आणि स्टेजवरची सगळी वाद्यं एकाच वीजबिंदूवरून चालवा. स्नेक केबल (सगळ्या सिग्नलच्या वायरींची जुडी) तशीही स्टेजपासून मिक्सरपर्यंत जाते. तिच्या सोबतीने एक जाड तीन कोअरची पॉवर केबल टाकायला साउंडवाल्याला सांगा. तीन फेज असतील तर आवाजाचं सगळं एका फेजवर, लाइट आणि एलईडी वॉल दुसऱ्यावर, कूलर आणि किचन तिसऱ्यावर. हे भांडून नाही, दुपारीच सांगून करून घ्यावं. “भाऊ, आपली लाइन लाइटपासून वेगळी घेता येईल का?” एवढं विचारलं तर चांगला माणूस करून देतो, कारण त्यालाही रात्री शिव्या नको असतात.

दुसरा उपाय ग्राउंड लिफ्टचा. ॲम्पच्या डीआय आउटपुटजवळ (सिग्नल मिक्सरला देणारं तोंड) ‘लिफ्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की एक्सएलआरच्या पहिल्या पिनेचा अर्थाशी संबंध तुटतो, वर्तुळ मोडतं, हम जातो. सिग्नल दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवरून चालू राहतो. ॲम्पला बटण नसेल तर ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय बॉक्स घ्या. त्यात सिग्नलच्या दोन बाजूंमध्ये तांब्याची जोडणीच नसते, सिग्नल चुंबकीय रीतीने पार होतो, आणि लिफ्ट दाबली की अर्थाची जोडणीही तुटते. बेसवादकाने पहिले जास्तीचे पैसे पेडलवर न घालता अशा डीआयवर घालावेत असं माझं ठाम मत आहे. पेडल बदलून कार्यक्रम वाचलेला मी पाहिलेला नाही, डीआयने वाचलेले पाहिले आहेत.

लिफ्ट सिग्नलच्या शिल्डची तोडायची असते. विजेच्या प्लगची पिन तोडून लूप मोडतो हे खरं, पण त्या क्षणापासून तुमच्या ॲम्पच्या धातूच्या पेटीला सुरक्षित अर्थ फक्त त्या बारीक एक्सएलआर शिल्डमधून मिळतो. ती केबल निघाली की तोही गेला.

पिन काढली की काय होतं

ॲम्पच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पेटीकडे जोडलेले छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर पेटीवर साधारण अर्धा दाब, ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह फार थोडा असल्याने हाताला झिणझिण्या येतात आणि लोक म्हणतात, “थोडं करंट मारते, चालते.” त्या झिणझिण्या अर्थ नसल्याचा निरोप असतात. आत इन्सुलेशन फाटलं किंवा एखादा भाग शॉर्ट झाला की त्याच पेटीवर पूर्ण २३० येतात. पेटी केबलच्या शिल्डला, शिल्ड ब्रिजला, ब्रिज तारांना जोडलेला आहे. तुमचा डावा हात तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीवर. माइकची जाळी मिक्सरच्या अर्थाला. प्रवाहाला वाट छातीतून.

१९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवर विजेच्या धक्क्याने गेला. हातात गिटार, आणि हात लागला तो नीट अर्थ नसलेल्या माइकला. त्या माइकच्या ठिकाणी पिन उपटलेला ॲम्प, आणि गिटारच्या ठिकाणी अर्थ असलेला माइक ठेवा. वर्तुळ तेच राहतं. पन्नास वर्षं उलटली, आणि आपल्या लॉनवर आजही पक्कड निघते याचा मला मनापासून राग येतो.

पिन न उपटताही अर्थ गायब असण्याचे प्रकार आहेत, ते ओळखायला शिका. परदेशातून आणलेल्या ॲम्पला बऱ्याचदा युरोपियन गोल प्लग असतो. तो आपल्या बोर्डाच्या खालच्या दोन भोकांत सैलसर बसतो आणि ॲम्प सुरू होतो, पण त्याचा अर्थ बाजूच्या पट्ट्यांवर असतो, त्या आपल्या बोर्डात कशालाच टेकत नाहीत. ॲम्पच्या मागे कॉम्प्युटरसारखं सॉकेट असेल तर कॉम्प्युटरची तीन पिनांची आपली कॉर्ड लावा, एवढंच करायचं आहे. तसंच ‘युनिव्हर्सल’ भोकांचे स्वस्त एक्स्टेंशन बोर्ड: वरच्या भोकात पिन जाते पण पकडत नाही, कधी आत तिसरी वायरच नसते.

याहून घातक जुगाड म्हणजे बोर्डाच्या आत अर्थची पिन न्यूट्रलला जोडून टाकणं. मीटर सगळं ठीक दाखवतो. पण न्यूट्रल कुठे सुटला, किंवा फेज-न्यूट्रल उलटे लागले, की ॲम्पची पेटी थेट फेजवर. शिवाय न्यूट्रलचा सगळा प्रवाह अर्थच्या वाटेने फिरतो, म्हणजे हमही वाढतो.

मीटर काय सांगतो

बोर्डात मीटर घालायची सवय नसेल तर लॉनच्या इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, तुम्ही फक्त आकडे वाचा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट. लाइट, कूलर सगळं सुरू असताना हा शेवटचा आकडा अगदी ०.० येत असेल तर आनंद मानू नका, वर सांगितलेला जुगाड असण्याचा संशय घ्या. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही अर्ध्याच्या आसपास, किंवा हेलकावत असतील, तर अर्थ लागलेलाच नाही, किंवा जनरेटरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला नाही. आणि फेज-न्यूट्रल कुठे १७०, कुठे २९० असं दिसलं तर कुठलाच प्लग लावू नका: तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल सुटलाय, आणि कमी लोड असलेल्या फेजवर दाब ४०० च्या दिशेने चढू शकतो. यात ॲम्प, कीबोर्ड, लॅपटॉप सगळं एकदम जळतं.

मीटर एका बाबतीत फसवतो. तो जवळपास प्रवाह घेतच नाही, म्हणून गंजलेल्या, नावापुरत्या अर्थवरही २३० दाखवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात हीच परिस्थिती असते. काळी माती ओली असताना अर्थिंगला चांगली, पण एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांत ती आक्रसते, भेगा पडतात, आणि जमिनीत गाडलेली अर्थ पाइप चारी बाजूंनी मोकळी होते. डिसेंबरच्या लग्नात शांत असलेलं लॉन मेमध्ये घूं करतं याचं एक कारण हे. अर्थ पिटमध्ये मीठ-कोळसा भरलेला असला तरी पाणी घातलं नाही तर उपयोग नाही. दुपारी पोहोचलात की पिट कुठे आहे विचारा आणि चार-पाच बादल्या पाणी घालायला सांगा. रात्रीपर्यंत माती धरते. अर्थ खरोखर किती प्रवाह घेऊ शकतो ते इलेक्ट्रिशियन फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून पाहतात: पूर्ण पेटला तर बरं, मंद पेटला तर अर्थ कमजोर. ही चाचणी त्यांनीच करावी, आणि तेव्हा त्या लाइनवर तुमचं काहीही लावलेलं नसावं, कारण अर्थ खराब असेल तर तेवढा वेळ सगळ्या पेट्यांवर दाब येतो. बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर या चाचणीत तो उडेल, आणि तो उडणं हे चांगलंच लक्षण आहे. तो नसलेल्या लॉनवर गाणाऱ्या बेसवादकाने माइकला फोमची टोपी घालावी. ती अर्थिंगला पर्याय नाही, पण ओठ जाळीपासून दूर राहतात.

गणपतीच्या दिवसांत उलटं. जमीन ओली, अर्थ उत्तम, हम कमी. पण पायाखालची मॅट भिजलेली असते, आणि तेव्हा लागलेला धक्का जास्त जोराचा असतो. रबरी तळाचे बूट घाला, चपलेवर किंवा अनवाणी उभे राहू नका.

साउंड चेकला शांत, कार्यक्रमात झर्र

हे फार जणांना कोड्यात टाकतं. कारण साधं आहे: दुपारी लाइट बंद होते. जुने पार कॅन (स्टेजचे बल्बचे दिवे) डिमरवर असतील तर डिमर प्रत्येक लहरीचा तुकडा कापतो, सेकंदाला १०० वेळा, आणि त्या कापाकापीची झर्र सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा, पिकअप सहज पकडतो. अर्ध्यावर मंद केलेल्या लाइटला ती सर्वात जास्त, पूर्ण उजेडात कमी. म्हणून साउंड चेकच्या शेवटी लाइटवाल्याला सगळे सीन एकदा फिरवून दाखवायला सांगा, तेव्हा बेस उघडा ठेवा. कुठल्या सीनला आवाज येतो ते तिथेच कळतं, आणि मग केबल लाइटच्या केबलपासून दूर नेणं किंवा काटकोनात ओलांडणं एवढ्यावर काम भागतं. दोन्ही केबली एकत्र गुंडाळून नेणं सोडलंच पाहिजे.

ट्रॅक वाजवणारा लॅपटॉप हा दुसरा लपलेला उगम. चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. चिवचिव किंवा झर्र गेली तर चार्जरमधून लूप होत होता. तिथेही डीआयच लावा. पेडलबोर्डवर एका ॲडॅप्टरवर साखळीने चार पेडल लावलेले असतील तर प्रत्येकाला वेगळा, आयसोलेटेड आउटपुट असलेला सप्लाय घ्या.

कुठला बेस न्यावा

वाद्याची आवड ज्याची त्याची, पण लॉनवर हम हा मुद्दा असेल तर निवड सोपी होते. अमेरिकन वाद्यनिर्माता लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला तेव्हा त्याला एकच सिंगल कॉइल पिकअप होता. १९५७ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले, एक ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी खाली, दोन्ही एकमेकांच्या उलट गुंडाळलेले. सिग्नल बेरजेत येतो, हम वजाबाकीत जातो. म्हणून प्रिसिजन घराण्याचा कुठलाही बेस, स्वस्तातलासुद्धा, एलईडी वॉलसमोर शांत राहतो. १९६० च्या जॅझ बेसला दोन वेगळे सिंगल कॉइल आहेत. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतील तर तेही एकमेकांचा हम कापतात. पण मधल्या सुरांचा सुरेख आवाज मिळावा म्हणून तुम्ही एक नॉब थोडा मागे घेतलात की तेवढा हम परत येतो. मला जॅझ बेसचा मागचा पिकअप अतिशय आवडतो. तरी जनरेटरवरच्या कार्यक्रमाला मी तो नेत नाही. सभागृहात नेतो.

हौशी मंडळी बेसच्या पोकळीत तांब्याची पट्टी लावून शिल्डिंग करतात. जरूर करा, पण अपेक्षा नीट ठेवा: पट्टी अर्थला जोडलेली असेल तर काटेरी झर्र कमी होते, सिंगल कॉइलचा मऊ ५० हर्ट्झचा घूं तांब्याने अडत नाही. त्यासाठी जॅझच्या आकारातच मिळणारे, आतून दोन कॉइलचे हम रद्द करणारे पिकअप बसवावे लागतात. पट्टीचे तुकडे एकमेकांशी विजेने जोडलेले आहेत का ते मीटरने तपासा, कारण काही पट्ट्यांचा गोंद वीज नेत नाही.

मेच्या कोरड्या हवेत आणखी एक आवाज येतो, तो हम नाही. पिकगार्डवर बोट घासलं की ‘चट् चट्’. ती स्थिर वीज आहे. किंचित ओल्या फडक्याने पिकगार्ड पुसा, थांबते. आणि ॲक्टिव्ह बेसचा आवाज चिरका, फाटका यायला लागला तर ९ व्होल्टची बॅटरी संपत आली आहे; जॅक खोचलेला असेपर्यंत ती चालूच राहते, म्हणून मध्यंतरात केबल काढून ठेवा.

तरीही जात नसेल तर

कधी वेळच नसतो. वरात दारात आहे, वीज वेगळी मिळणार नाही, पिट कुठे आहे कुणाला माहीत नाही. अशा वेळी नॉइज गेटवर (बेस शांत असला की आवाज बंद करणाऱ्या यंत्रावर) भिस्त ठेवू नका. स्वर वाजत असताना हम त्याच्याखाली तसाच राहतो, आणि लांब धरलेल्या स्वराचं शेपूट गेट कापून टाकतं. हळू गाण्यात ते फार वाईट ऐकू येतं. त्याऐवजी स्टेजवरचा ॲम्प बंद करा, त्याचा प्लग काढा, बेस सरळ पॅसिव्ह डीआयमध्ये घाला. बेस पॅसिव्ह असेल तर मध्ये बॅटरीवर चालणारा एखादा प्रीॲम्प ठेवला की आवाज भरीव राहतो. आता तुमच्या बाजूला विजेचा एकही प्लग उरला नाही, म्हणजे लूप उरला नाही. तारांना अर्थ मिक्सरकडूनच मिळतो, तोच माइकलाही, म्हणून दोघांमध्ये दाबाचा फरक पडत नाही. यासाठी डीआयचं लिफ्टचं बटण दाबू नका, अर्थ जोडलेलाच ठेवा. इथे ती दाबली तर तारा अधांतरी राहतील आणि झर्र उलट वाढेल. स्वतःला ऐकायला ड्रमरच्या बाजूचा मॉनिटर तुमच्याकडे वळवून घ्या आणि साउंडवाल्याला त्यात बेस आणि किक एवढंच पाठवायला सांगा.